धुराडं कोणत्या बाजूला

फाल्गुन लागला की आमच्या गल्लीतनं कडब्याचे ट्रॅक्टर जायला लागतात. पेंढ्या इतक्या रुंद रचलेल्या असतात की विजेच्या खांबाला घासतात आणि चार-दोन धाटं खाली पडतात. मी काठी टेकत जाते, ती धाटं उचलून आणते आणि ओट्यावर बसते. सूनबाई म्हणते, आई, घरात गाय न्हाई, म्हैस न्हाई, वैरण कुणाला घालणार? तिला काय सांगू? ऐंशी ओलांडली, पण ज्वारीचं धाट हातात आलं की नख आपोआप त्याच्या सालीत शिरतं. वरची टणक साल निघाली की आतला भेंड असा पांढरा, हलका, बोटानं दाबला तर दबणारा. त्याचा वास घेतला की मी धाराशिवातल्या या सिमेंटच्या ओट्यावर राहत नाही. मी थेट आमच्या रानातल्या माळ्यावर जाऊन बसते.

यंदा मी तशी बसलेली असतानाच मुक्ता आली. मुक्ता म्हणजे माझ्या चुलतबहिणीची, यशोदाक्काची नात. पुण्यात मोठ्या नोकरीला आहे, आणि तिला नाद कसला, तर मालगाड्यांचा. बोटभर लांबीची इंजिनं आणि डबे जमवते, पुठ्ठा आणि पितळेची पट्टी कापून स्वतः करतेही. माणसांच्या गाड्या तिला नकोत. ती म्हणते, त्या सगळेच जमवतात, मला ओझं वाहणारी पाहिजे. यंदा तिनं आमच्याकडच्या जुन्या छोट्या रुळांवरचं इंजिन केलं होतं. एका जुन्या फोटोवरनं, चार महिने खपून. ते तिनं माझ्या तळहातावर ठेवलं आणि विचारलं, "आजी, डबे कुठल्या बाजूला जोडू? फोटोत नुसतं इंजिन आहे, कळत नाही."

मला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्याला पदर लावावा लागला. या एका प्रश्नापायी तिची आजी आणि मी आठ दिवस एकमेकींशी बोललो नव्हतो. म्हटलं, बस अशी. उत्तर देते, पण जरा लांबून यावं लागेल.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. आमचं गाव कळंबच्या वाटेवर. मी दहा वर्षांची असेन. माझ्या वयाच्या पोरींना सुगीत एकच काम, पाखरं राखायची. रानात चार मेढी रोवून वर माळा बांधलेला असायचा. सकाळी शेण-पाणी, झाडलोट उरकायची, भाकरी फडक्यात बांधायची आणि माळ्यावर चढायचं. हातात गोफण. गोफणीचा आवाज निघाला की चिमण्यांचा थवा एकदम उठायचा आणि पलीकडच्या रानात बसायचा. तिकडची पोरगी तो परत आमच्याकडे हाकलायची. दिवसभर आम्ही दोघी एकमेकींना चिमण्या धाडायचो.

आणि दिवस डोक्यावर आला की येडशीच्या डोंगराकडं तोंड करून मालगाडी यायची. रूळ लांब होते, मधी दोन ओढे. पण माळ्यावरनं सगळं दिसायचं. आधी धूर, मग धक्-धक् आवाज, मग बाभळींच्या वरनं सरकणारी डब्यांची पाठ. बंद डबे, उघडे डबे, गाठी लादलेले डबे, एखादा तेलाचा पोटफुगा, आणि सगळ्यात मागं ओसरी असलेला गार्डाचा डबा. लोक प्रवासाला जातात ते मला ठाऊक होतं. पण ही माणसांवाचून एवढं काय घेऊन जाते आणि कुणाच्या घरी नेऊन घालते, याचं मला लई नवल वाटायचं.

मग मी ती करायला लागले. धाटं तर पायाशीच. भेंडाचे डबे, सालीच्या कडक चोयट्यांची चौकट, भेंडाच्याच चकत्यांची चाकं, आणि जोडायला बाभळीचे काटे. मी माझा एक नेम धरला होता, जो डबा डोळ्यांनी बघितला तेवढाच करायचा. मनाचं काही लावायचं नाही. एखाद्या दिवशी नवा डबा दिसलाच नाही, तर त्या दिवशी हात रिकामे. एका डब्याच्या अंगावर पांढऱ्या रंगानं कोयत्यासारखं काहीतरी काढलेलं दिसलं, ते मी कोळशानं तसंच काढलं. पुढं वीस वर्षांनी थोरल्या लेकाच्या पाटीवरनं आकडे शिकले तेव्हा कळलं, तो इंग्रजीतला सात होता. मला लिहायला-वाचायला असं सगळं उशिरा आणि तुकड्या-तुकड्यानं आलं, पण तो पहिला सात मात्र माझा मीच मिळवलेला.

इंजिनाला सगळ्यात जास्त दिवस लागले. अंगाला तव्याची काजळी फासली. धुराड्याला तुरीची काटकी, त्यामागच्या टेंगळाला करडईचं वाळकं बोंड. गार्डाच्या डब्याला मागं लाल दिवा पाहिजे, म्हणून गुंज चिकटवली. काळी बाजू आत, लाल बाहेर. संध्याकाळी घरी आणून ओसरीवर लावली की दाराच्या एका चौकटीपासनं दुसऱ्या चौकटीपर्यंत गाडी. शेजारच्या बाया पाणी घेऊन जाताना थांबायच्या. एकीनं म्हटलेलं आठवतं की पोरगी हुशार आहे, पण असल्या हुशारीला भाकरी लावता येत नाही.

अशात यशोदाक्का सुगीला माहेरी आली. ती माझ्या थोरल्या चुलत्याची लेक, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आदल्या सालीच लग्न झालेलं. सासर बार्शीकडं, म्हणजे निजामाची हद्द ओलांडून इंग्रजांच्या मुलखात. तिच्यावाचून ते वर्ष मला सुनं गेलं होतं. डोईवर पदर, पायात जोडवी, चाल बदललेली. पण घरात पाऊल टाकल्या टाकल्या ती खाली बसली ती माझ्या गाडीपुढं. एकेक डबा उचलून बघितला. गुंजेला हात लावून हसली. मग इंजिनापाशी थांबली.

"गोदे, हे उलटं केलंस. धुराडं म्होरं असतंय."

"न्हाई. धुराडं डब्याच्या अंगाला असतंय. मी रोज बघती."

"आन मी काय आंधळी हाय? माझ्या सासरच्या परसामागनंच रूळ जात्यात."

"मग तुमच्याकडची गाडी येगळी असंल."

"गाडी एकच हाय. तुझं टाळकं येगळं हाय."

झालं. मी डबे गोळा केले आणि टोपली उचलून आत गेले. तिला वाटलं, लग्न झालेल्या बहिणीचं ऐकू नये इतकी ही शेफारली. मला वाटलं, एका वर्षात हिचं तिकडचं सगळं खरं झालं आणि इथलं खोटं. एका ताटात जेवणाऱ्या आम्ही, पण बोलणं बंद. मीठ पाहिजे असेल तर ती काकूला सांगायची आणि काकू मला.

त्यात होळी जवळ आली. आमच्या घरी एक रीत होती, धाटाची जेवढी खेळणी सुगीत झाली तेवढी होळीला द्यायची. बैलगाड्या, पाळणे, मोटा, सगळं. आज्जा त्या बाबतीत कडक. भेंडात सोंडे होतात, ते किडे धान्याच्या बळदात शिरतात आणि वर्षाची ज्वारी पोखरून टाकतात, असं त्याचं म्हणणं, आणि ते खोटंही नव्हतं. दर साली मी माझी खेळणी आनंदानं टाकायची, भेंड कसा फुर्र करून पेटतो ते बघायला. यंदा मला ते जमणार नव्हतं. मी आज्ज्याला विनवलं. गाडी बळदाजवळ ठेवत नाही, गोठ्यात ठेवते म्हटलं, झाडाला टांगते म्हटलं. आज्जा चिलीम झटकत म्हणाला, "पोरी, एकाला सोडली तर घरातल्या समद्यांची सोडाया लागंल. होळीला जायाला पायजे." पुढं बोलायची सोयच नव्हती. बावीस डबे, एक इंजिन, आणि तीन दिवस उरलेले.

होळीच्या आदल्या दिवशी यशोदाक्काला सासरी पोचवायचं होतं. गाडी दुपारची, पण अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, शेंगांची पोती मालधक्क्यावर उतरवायची होती, म्हणून बैलगाडी पहाटेच जुंपली. मी हट्टानं बसले, मांडीवर टोपली घेऊन. टोपली का घेतली, तर खऱ्या इंजिनाशेजारी माझं इंजिन धरायचं आणि अक्काचं तोंड बंद करायचं. जाळायच्या आधी निदान ती खरी ठरावी, एवढंच. वाटेत करडईची रानं पिवळी झाली होती, कुठंकुठं खळ्यावर बैलांची मळणीची पात चालली होती. आम्ही दोघी पोत्यांवर पाठीला पाठ लावून बसलो होतो, आणि अण्णा बैलांशी बोलत होते, कारण त्यांच्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

ठेसन म्हणजे एक खोली, एक लिंबाचं झाड आणि टांगलेला रुळाचा तुकडा, तोच घंटा. पण धक्क्यावरचा तो वास! शेंगांचं टरफल, कापूस, डांबर, ओला कोळसा. मी आयुष्यात पुष्कळ वास घेतले, पण कुठंतरी जायला निघालेल्या मालाचा वास तसा दुसरा नाही.

घंटा वाजली आणि बार्शीकडनं सकाळची गाडी आली. लातुराकडं निघालेली. मी पुढं होऊन बघितलं. धुराडं म्होरं. सगळ्यात म्होरं. डबे मागनं निमूट आलेले.

अक्कानं पदर तोंडाला लावला, आणि मला कळलं ती पदराआड हसतेय. मी लिंबाखाली जाऊन टोपली पालथी केली. तोवर मी आज्ज्याशी भांडत होते, आता माझंच मन आज्ज्याच्या बाजूनं झालं. डोळ्यांनी बघितलं तेवढंच करते म्हणून मिरवत होते आणि केलं काय, तर खोटं. खोटी गाडी राखून तरी काय करायची? जाऊ दे होळीत. मी धुराड्याची काटकी उपटायला गेले तर बाभळीचा काटा बोटात घुसला. बोट तोंडात धरून तिथंच बसून राहिले. ऊन चढलं. अण्णांची पोती उतरली. अक्का जवळ आली, तिनं दशमीचा तुकडा पुढं केला, मी घेतला नाही.

दुपारी पुन्हा घंटा झाली. लातुराकडनं परतीची गाडी आली, आज माणसांचा एक डबाही जोडलेली, आणि मी उठून उभी राहिले. पुढं इंजिनाची पाठ. धुराडं डब्यांच्या अंगाला. माझ्या टोपलीतलं होतं अगदी तसंच. आणि इंजिन तेच, सकाळचंच. त्याच्या पोटावरची पोचा पडलेली जागा मी सकाळी बघून ठेवली होती.

आम्ही दोघी एकमेकींकडं बघायला लागलो. अक्काचा पदर खांद्यावर आला तरी तिच्या ध्यानात नाही. अण्णांनी आमचं काय बिनसलंय ते तोवर ओळखलं असावं. ते मला हाताला धरून इंजिनापाशी घेऊन गेले आणि वरच्या डायवराला त्यांनी विचारलं की ही अशी उलटी का? डायवर म्हातारा मुसलमान, दाढीत कोळशाची भुकटी. तो खाली वाकला, आधी माझ्या हातातल्या इंजिनाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"उधर इंजिन फिराने कू जागा नै, बेटा. जाते वख्त सीधी, आते वख्त उल्टी. ताकत उत्तीच."

एवढंच बोलला आणि पाणी घ्यायला गेला. जाताना खाली उतरून त्यानं इंजिन आणि डब्यामधला आकडा सोडून दाखवला, कसा निघतो, कसा बसतो.

मला तेव्हा पुरतं उमगलं नाही, पुढं पुष्कळ वर्षांनी उमगलं. अक्का नवी सून. सून घराबाहेर पडायची ती एकदा, सकाळी पाण्याला. त्या वेळेला तिच्या परसामागनं गाडी जायची ती धुराडं पुढं करून. दुपारी ती चुलीपुढं, परतीची गाडी तिनं नुसती ऐकलेली. आणि मी सकाळी शेणात हात घातलेली, रानात पोचायची ती सकाळची गाडी गेल्यावर, त्यामुळं मला परतीचीच दिसलेली. दोघी खरं तेच सांगत होतो. आम्हाला ज्या वेळेला बाहेर सोडलं, त्या वेळेचं जग आम्ही बघितलं होतं आणि तेच सगळं जग धरून बसलो होतो. अजूनही कुणी माझ्याशी हिरीरीनं वाद घालायला लागलं की मी मनातल्या मनात विचारते, हा माणूस कुठल्या वेळेला घराबाहेर पडत असेल?

लिंबाखाली येऊन मी इंजिनाचा काटा काढला, इंजिन फिरवलं आणि काटा पुन्हा खोचला. धुराडं पुढं आलं. अक्काला म्हटलं, सकाळची तुझी. मग पुन्हा काटा काढला, फिरवलं, खोचलं. दुपारची माझी. ती खाली बसून बघत राहिली, मग तिनंही एकदा फिरवून बघितलं. हसली नाही. म्हणाली, "आन ही उद्या जाळायची व्हय?"

गार्डानं शिट्टी दिली. अक्कानं टोपली ओढून घेतली. "दे हिकडं." गाठोडं सोडलं, दोन लुगड्यांच्या मधी एकेक डबा नीट आडवा घातला, सगळ्यात वर इंजिन, आणि गाठ मारली. आमच्याकडं सासरला निघालेल्या लेकीचं गाठोडं कुणी सोडून बघत नाही, आणि त्यातलं काही माघारी मागत नाही. होळीसुद्धा मागत नाही. ही रीत आज्ज्याच्या रीतीपेक्षा जुनी. मी घाबरून अण्णांकडं बघितलं. ते पाठ करून बैलांच्या गळ्यातल्या सापत्या तपासत होते, ज्या त्यांनी सकाळीच तपासल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळायला होळीपुढं सगळ्या पोरांनी आपापलं टाकलं. आज्ज्यानं मला हाक मारली, तुझी गाडी कुठाय? मी खाली बघत सांगितलं, अक्काबरोबर गेली. आता काहीतरी ऐकावं लागणार म्हणून अंग चोरून उभी राहिले. आज्ज्यानं काठीनं जाळ सारखा केला आणि विचारलं,

"डब्यात काय भरलं व्हतंस?"

"काई न्हाई."

"येडे, लेकीची गाडी रिकामी धाडत्यात व्हय?"

त्यावर मी रडले. जळायची वेळ आली तेव्हा आवरून धरलेलं सगळं त्या एका बोलण्यानं बाहेर आलं.

पुढच्या सुगीला अक्का आली ती गाठोड्यात गाडी घेऊनच. काही डबे सोंड्यांनी पोखरले होते, आज्जा खोटं बोलला नव्हता. तिनं त्यांच्या जागी नवे करून आणले होते, सासूची नजर चुकवून, सकाळी पाण्याला जाता-येता बघितलेले. तिच्या डब्यांची दारं उलट्या अंगाला, कारण तिनं गाडी दुसऱ्या बाजूनं बघितलेली. आणि येताना हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं तिचं गाठोडं सोडलं. त्याला कुठली आमची रीत ठाऊक? मुलखात धान्याची टंचाई, जो तो लपवून न्यायचा, म्हणून झडती कडक. त्यानं डबे एकेक करून फरशीवर मांडले आणि विचारलं, माल काय आहे? अक्का म्हणाली, साहेब, माहेराला चाललीया, भरून आणायला. शिपाई हसला आणि त्यानं स्वतः गाडी परत बांधून दिली, पण इंजिन चुकीच्या तोंडानं. हे सांगताना ती इतकी हसायची की पुढचं बोलणं राहून जायचं.

त्या साली ती निघाली तेव्हा आज्ज्यानं खळ्यावरनं मूठभर ज्वारी आणली. थरथरत्या बोटांनी प्रत्येक डब्यात एक दाणा घातला. सगळे डबे भरले, तरी एक दाणा वर ठेवला. मी विचारलं, हा कशाला? म्हणाला, वाटंत एखादा सांडतोच.

मग रझाकारांचं वर्ष आलं. त्या सुगीला ती येऊ शकली नाही. गावातल्या कितीक जणांनी लेकरं-बाळं हद्दीपलीकडं पोचवलेली, रानात पाखरं राखायला पोरी पाठवत नसत. मी घरात बसून ऐकायची, मालगाडी कधी वाजायची, कधी नाही. वाजली की बरं वाटायचं. वाटायचं, रूळ अजून तिच्या परसामागनंच येतात. त्याच्या पुढच्या फाल्गुनात ती आली. निजामाचं राज्य गेलं होतं, नाका उठलेला होता. तिचं गाठोडं कुणी सोडलं नाही. ती म्हणाली, गोदे, मला चुकल्यासारखंच झालं.

असं आम्ही किती वर्षं केलं ते मोजलं नाही. माझं लग्न झालं, तिला नातवंडं झाली. आता ती नाही, छोटे रूळही उचलले. मोठी गाडी आली ती थेट धाराशिवातनं जाते. परवा मुक्तानं मला ठेसनावर नेलं, तर मालगाडीच्या इंजिनाला दोन्हीकडं काचा, दोन्हीकडं डायवरची खोली. मी म्हटलं, बरं झालं, आता बहिणी-बहिणी भांडायच्या नाहीत.

हे सगळं ऐकताना मुक्तानं एकदाही मोबाइल बघितला नाही. शेवटी तिनं इंजिन माझ्याकडनं घेतलं आणि पुन्हा विचारलं, "मग आजी, धुराडं कुठल्या बाजूला?"

"आत्ता किती वाजले?"

"साडेदहा."

"मग म्होरं ठेव. जेवण झालं की फिरवू."

तिनं पेटीतनं डबे काढले आणि जोडले. चौदा. जेवण झाल्यावर खरंच फिरवलं, आणि त्याच तोंडानं पेटीत भरलं. ती निघताना मी आत जाऊन स्वयंपाकघरातली ज्वारी आणली. बोटं आता आज्ज्यासारखीच थरथरतात. एकेक दाणा घालायला वेळ लागला, पण तिनं हात पुढं केला नाही, मला करू दिलं. सगळे भरल्यावर मी एक दाणा तिच्या तळहातावर ठेवला.

तिनं विचारलं नाही कशाला म्हणून. मूठ मिटून घेतली.